कोड खुला, पण यादी कुणाची?

ओपन सोर्सचा विषय निघाला की लगेच विजयाची भाषा सुरू होते. अँड्रॉइड ओपन सोर्स आहे, जगातले बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, म्हणजे ओपन सोर्स जिंकलं. आज आम्हाला या विजयाची जरा झडती घ्यायची आहे.

अँड्रॉइडचा कोड गूगलने २००८ साली अपाची परवान्याखाली खुला केला. त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे, तो मात्र जीपीएल परवान्याचा. जीपीएल म्हणतो, बदल करून पुढे वाटलंत तर बदललेला कोडही द्या. अपाची म्हणतो, घ्या, आणि आपला भाग झाकून ठेवायचा तर ठेवा. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना दुसरा परवाना सोयीचा पडला. तरीही इथपर्यंत ठीक आहे. पण फोन दुकानातून आपल्या हातात येतो तेव्हा त्यात प्ले स्टोअर असतं आणि प्ले सर्व्हिसेस असतात. त्यांचा कोड बंद. खुल्या कोडवरून फोन कुणीही बनवू शकतो, पण प्ले स्टोअर नसलेला फोन घेणार कोण?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र दुसऱ्यांची अ‍ॅप स्टोअर्स प्ले स्टोअरमधून मिळू द्यावीत, हा आदेश रद्द केला. म्हणजे बघा, पैसे भरावे लागले, पण यादी जिथल्या तिथे राहिली.

इंटरनेटवरून फोन करण्याचीही हीच गोष्ट. अ‍ॅस्टरिस्क नावाचं ओपन सोर्स टेलिफोन एक्स्चेंज १९९९पासून आहे. साध्या कॉम्प्युटरवर बसवा, ऑफिसचे फोन चालू. एसआयपी हे खुलं प्रमाण २००२ साली आजच्या रूपात आलं. त्यात फोनचा पत्ता ईमेलसारखा असतो, आणि सर्व्हर कुणीही चालवावा. ऑफिसांत हे रुजलं. मग घराघरात का नाही? कारण घरच्या राउटरमागे बसलेल्या फोनपर्यंत बाहेरचा कॉल पोचवणं ही डोकेदुखी होती. शिवाय मावशीचा एसआयपी पत्ता शोधायचा कुठे? २००३मध्ये स्काइप आलं. त्याचे नियम गुप्त होते, पण बसवलं की चालायचं. २०१५मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल आले, तेव्हा तर फोनमधली नंबरांची वहीच डिरेक्टरी झाली. ओपन सोर्सवाल्यांनी ही सोय नेहमीच कमी लेखली, असं आमचं स्पष्ट मत आहे. लोक फसले नाहीत, त्यांना माणसं हवी होती.

पण या सोयीची किंमतही मांडायला हवी. मुंबईत एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी घरी यायची. फोन कुठल्याही कंपनीचा असो, नंबर फिरवला की लागायचा. व्हॉट्सअ‍ॅपचं एन्क्रिप्शन सिग्नलच्या खुल्या प्रोटोकॉलवर उभं आहे. तरी आपल्याकडे दुसऱ्या अ‍ॅपमधून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावता येत नाही. मे २०२५मध्ये स्काइप बंद झालं, आणि वर्षानुवर्षं जपलेला स्काइपचा पत्ता घेऊन दुसरीकडे कुठे जाणार? एसआयपीत निदान आपल्या डोमेनवरचा पत्ता आपला राहतो, सर्व्हर बदलला तरी.

आता सॉफ्टवेअरच्या याद्यांकडे येऊ. २०१०पासून चालणारं एफ-ड्रॉइड फक्त ओपन सोर्स अ‍ॅप्स ठेवतं. अ‍ॅप बनवणाऱ्याने दिलेली तयार फाइल शक्यतो न घेता ते सोर्स कोडवरून स्वतः अ‍ॅप बांधतं. जाहिराती किंवा पाळत असेल तर पानावर तसं लिहितं. खातं लागत नाही. हे आम्हाला मोलाचं वाटतं. पण दोषही सांगू. अपडेट उशिरा येतात, वर्णनं बरेचदा जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली असतात, आणि आपल्या बँकेचं अ‍ॅप तिथे मिळत नाही.

त्यात ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने जाहीर केलं, की अ‍ॅप बनवणाऱ्याने आपली ओळख नोंदवली नसेल, तर त्याचं अ‍ॅप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. कारण दिलं फसवणुकीचं. फसवणूक खरीच आहे, तो मुद्दा आम्ही उडवून लावत नाही. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही गूगलने नंतर सांगितलं. पण एफ-ड्रॉइडची हरकत नेमकी आहे: प्ले स्टोअरच्या बाहेरच्या अ‍ॅपलाही आता गूगलकडेच नाव नोंदवायचं, तर दुसरी यादी उरली कुठे?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. एखादं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे असं कुणी सांगितलं, की परवाना जरूर वाचा. पण पुढे हेही विचारा, की यादी सांभाळणारा उद्या उठून गेला किंवा त्याने दार लावलं, तर आपल्याला दुसऱ्या दाराने आत येता येईल का? येत नसेल, तर त्या खुल्या कोडचा आपल्याला उपयोग फार थोडा.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.