'फुल टिल्ट' : कमी ओझ्याचा प्रवास

मराठी प्रवासवर्णनांची संख्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत भराभर वाढली. विमानतळ, हॉटेल, संग्रहालय आणि परतीची खरेदी या चार मुक्कामांवर त्यांतली बरीचशी उभी आहेत. लेखकाच्या सामानाचा उल्लेख त्यांत आलाच तर बहुधा विनोदापुरता येतो. सामान आणि लेखन यांचा काही आतला संबंध असेल, अशी शंका ती वाचताना येत नाही. सायकलवरून दूरदेशी गेलेल्यांची पुस्तके वाचू लागले की मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. ज्याला प्रत्येक वस्तू स्वतःच्या पायांच्या बळावर घाटावर चढवायची आहे, त्याने काय बरोबर घेतले आणि काय मागे ठेवले, यावर त्याला काय दिसणार आणि कोण भेटणार हे पुष्कळसे अवलंबून असते. डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेचे 'फुल टिल्ट' (१९६५) हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

मर्फीबाईंचा जन्म १९३१ सालचा, आयर्लंडमधील लिस्मोर या लहान गावातला. दहाव्या वाढदिवसाला त्यांना एक जुनी सायकल आणि एक नकाशासंग्रह भेट मिळाला, आणि सायकलने हिंदुस्थानात जायचे हे त्यांनी त्याच वेळी ठरवून टाकले. ठरवणे आणि निघणे यांत वीसहून अधिक वर्षे गेली. आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. तिच्या शुश्रूषेसाठी चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आईवडील दोघेही गेल्यावर, जानेवारी १९६३ मध्ये, त्या घराबाहेर पडल्या. फ्रान्समधील डंकर्कपासून युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून त्याच वर्षीच्या जुलैत त्या दिल्लीला पोहोचल्या. २०२२ साली नव्वदीत त्यांचे निधन झाले. पुढे त्यांनी अनेक पुस्तके लिहिली, तरी वाचकांच्या मनात त्या राहिल्या त्या या पहिल्या पुस्तकामुळे.

सायकलचे नाव 'रोझ', म्हणजे डॉन किहोटेच्या रोसिनान्ते घोड्याच्या नावाचे लाडके रूप. रोझ चांगली सदतीस पौंडांची, आजच्या हिशेबाने जड. पण निघण्यापूर्वी बाईंनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिला तीन गतींचे गिअर होते, ते त्यांनी काढून टाकवले. आशियातल्या रस्त्यांवर नाजूक यंत्र बिघडणार आणि ते दुरुस्त करणारा कोणी भेटणार नाही, हा विचार त्यामागे होता. जास्तीचे टायर अंगावर न वागवता वाटेवरच्या ब्रिटिश वकिलातींकडे आधीच पाठवून दिले. सामान म्हणजे चाकाच्या दोन बाजूंना मावेल तेवढे, आणि एक लहान पिस्तूल.

ही रीत जुनीच आहे. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघून १८८६ च्या अखेरीस योकोहामाला पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा टॉमस स्टीव्हन्स मोठ्या पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलवर होता. त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण म्हणूनही चालणारा एक पावसाळी कोट आणि पिस्तूल, एवढेच होते. १९२३ मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ साली जगाची फेरी पुरी करून परतले, तेही सायकलवर मावेल तेवढ्यावरच.

कमी ओझ्याचा पहिला परिणाम असा की प्रवासी दुसऱ्याच्या दारात जातो. घर पाठीवर नसल्यामुळे रात्र पडली की पोलीसचौकी, चहाची खोली किंवा कोणाचे तरी अंगण शोधावे लागते. 'फुल टिल्ट'चे खरे अनुभवद्रव्य येथे आहे. पुस्तकात स्थलवर्णने आहेत, चांगलीही आहेत. पण लक्षात राहतात ती माणसांच्या ओसरीवरची प्रकरणे. त्यांत सुख आहे तसे भयही आहे. पिस्तूल वापरण्याची वेळ बाईंवर खरोखरच आली. अफगाणिस्तानात बसमध्ये एका बंदुकीचा दस्ता लागून त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या. तरीही अफगाण लोकांवरचे त्यांचे प्रेम पुस्तकभर कायम आहे. काश्मीरच्या बाजूला सुमारे तेरा हजार सातशे फुटांवरची बाबूसर खिंड त्यांनी बर्फातून, सायकल ओढत-उचलत ओलांडली, तो भाग तर हा सगळा प्रवास एका दिवसात गोळा झाल्यासारखा आहे.

दुसरा परिणाम शैलीवर झाला. हे लेखन मुळात दैनंदिनीचे. तिची पाने वाटेवरून आयर्लंडमधल्या स्नेह्यांना पाठवलेली. पुस्तक करताना बाईंनी ते रूप मोडले नाही. त्यामुळे इतिहासाची पाने मध्ये घुसत नाहीत, विद्वत्तेची भर पडत नाही. दिवसभर पायडल मारून थकलेला माणूस रात्री जेवढे लिहील तेवढेच येथे आहे. वाक्य हलके आहे, पण पोकळ नाही. आपल्याकडचे कित्येक प्रवासवर्णनकार घरी आल्यावर माहितीपुस्तिका समोर ठेवून लिहितात. त्यांना या पुस्तकाकडून घेण्यासारखे बरेच आहे.

येथवर स्तुती झाली. पण बाईंनी एक ओझे मागे ठेवले, ते मात्र घ्यायला हवे होते, असे मला वाटते. ते ओझे म्हणजे भाषा. वाटेवरच्या भाषा त्यांना येत नव्हत्या. हातवारे, हसू आणि चहा यांवर पुष्कळ निभते, हे दुभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला सांगायला नको. शेजाऱ्याची भाषा न येताही शेजारधर्म चालतो. पण शेजाऱ्याविषयी मत द्यायचे तर त्याची भाषा यावी लागते, हेही आपल्याला ठाऊक आहे. 'फुल टिल्ट'मध्ये अमुक देशाचे लोक असे आणि तमुक देशाचे तसे, हे निकाल फार लवकर लागतात. अफगाण माणूस बाईंना मनापासून आवडतो, पण तो स्वतः बोलताना फार थोडा ऐकू येतो. पाकिस्तानात इंग्रजी जाणणारे यजमान भेटू लागतात, तेव्हा पुस्तकातली माणसे लगेच अधिक स्पष्ट होतात. हा फरक माणसांतला नाही, ऐकण्यातला आहे.

येथे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ची आठवण होते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकातला प्रवासीही तुटपुंज्या सामानानिशीच वरसईहून ग्वाल्हेर-झाशीकडे गेला, १८५७ च्या धामधुमीत सापडला, वाटेत लुटलाही गेला. पण त्याला वाटेवरचे बोलणे कळत होते आणि ग्वाल्हेर-झाशीला मराठी घरे होती. म्हणून त्याच्या पुस्तकात माणसे दिसतात आणि बोलतातही. दोन्ही प्रवासी दुसऱ्याच्या घरी जेवले. एकाला घरातले बोलणे समजले, एकीला फक्त घराची माया समजली.

दुसरा आक्षेप रस्त्यांविषयीचा. त्या काळी अफगाणिस्तानात रशियन आणि अमेरिकन मदतीने मोठे रस्ते होत होते. बाईंना या सुधारणेविषयी मनातून अढी आहे. तिच्याबरोबर येणारा परका पैसा आणि परकी चाल त्या देशाचे भले करणार नाही, ही त्यांची भीती पुढच्या इतिहासाने अगदीच खोटी ठरवली असे म्हणता येत नाही. पण खडीचा रस्ता एकदा जाणाऱ्याला रम्य वाटतो. रोज जाणाऱ्याला, विशेषतः अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्याला, तो रम्य वाटत नाही. या दुसऱ्या माणसाला पुस्तकात जागा मिळालेली नाही.

आज कमी ओझ्याच्या सायकलप्रवासाचे एक शास्त्र झाले आहे. सांगाड्याला, बैठकीखाली आणि हँडलला बांधायच्या पिशव्या, किलोभरापेक्षा हलके तंबू, दहा किलोंच्या आतबाहेरच्या सायकली. कॅनडातील बॅन्फपासून अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटरची, बरीचशी खडीच्या आणि मातीच्या वाटांची 'टूर डिव्हाइड' ही शर्यत या पंथाची पंढरी म्हणावी. तिचा दंडक असा की ठरवून घेतलेली खासगी मदत नको. दुकानात सर्वांना मिळते ते विकत घ्यावे. शर्यतीसाठी हा नियम न्याय्यच आहे. पण त्यात सामान हलके होते ते खिशातल्या पैशांमुळे आणि फोनमुळे. कोणाच्या दाराची कडी वाजवावी लागत नाही. मर्फीबाईंचे वजन जास्त होते आणि गरजही जास्त होती. त्या गरजेतून पुस्तक झाले.

म्हणून 'फुल टिल्ट' तिच्या उणिवांसकट वाचावे. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती ते जरूर द्यावे आणि शेजारी 'माझा प्रवास' ठेवावा. सामान कसे कमी करावे हे पहिले पुस्तक शिकवील. ज्या मुलखातून जायचे तिथल्या भाषेचे चार शब्द मात्र कमी करायचे नसतात, हे दुसरे शिकवील. त्या शब्दांचे वजन चढावर जाणवत नाही.