वामनदादांचा काफिया

मुस्लिम मराठी साहित्यिकांच्या बैठकीत लोककवींचा विषय निघाला की शाहीर अमर शेखांचे नाव आधी येते, आणि ते यायलाच हवे. वामनदादा कर्डकांचे नाव मात्र सहसा निघत नाही. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, हजारो गाणी लिहून २००४ साली गेलेला हा माणूस आमच्या नाशिक जिल्ह्याचा. १४ एप्रिलला त्यांची गाणी आमच्या मोहल्ल्यापर्यंत ऐकू येतात. तरी ते आम्हाला शेजारच्या वस्तीचे कवी वाटत राहिले. 'ती त्यांची भीमगीते' असे म्हणून आम्ही खिडकी लावून घेतली. त्या गाण्यांत आमच्या घरचे काय आहे, ते पाहायचे राहून गेले.

त्यांचे एक प्रसिद्ध गाणे घेऊ. भीमाच्या मताची पाच माणसे जरी असती तर, अशी कल्पना त्यात आहे. पहिल्या दोन ओळींचा काफिया 'लोक' आणि 'टोक', रदीफ 'असते'. हा सरळसरळ गझलेचा मतला झाला. उर्दू शाळेतल्या कुठल्याही मुलाला इक्बालच्या 'तराना-ए-हिंदी'ची चाल येते. त्या चालीवर ही ओळ म्हणून पाहावी, कुठे अडखळत नाही. मराठीत या वृत्ताला आनंदकंद म्हणतात, आमच्याकडे ती मुजारे बहर. दुसऱ्या ओळीतल्या 'तलवारी' शब्दातली दीर्घ 'री' वजनात बसत नाही, ती गाताना ऱ्हस्व होते. उर्दूत असे अक्षर 'गिरवण्याची' मुभा आहे. मराठी व्याकरणाला ती चूक वाटेल, गळ्याला वाटत नाही. वामनदादा गळ्याच्या बाजूचे होते.

पण खरी ताकद या कसबात नाही, त्या 'जर'मध्ये आहे. गाणे बाबासाहेबांचे आणि बोट अनुयायांकडे. समोर बसलेल्या हजारो माणसांना तोंडावर सांगायचे की तुमच्यात पाचही सापडत नाहीत, आणि तरी त्यांनी ते गाणे डोक्यावर घ्यायचे! आमच्या नात आणि कव्वालीच्या मैफलींत स्तुती भरपूर असते, समाजाची झडती क्वचितच. झडती घेतली तरी बहुधा उर्दूत, आणि तीही हाली-इक्बालांच्या उसन्या शब्दांत.

दुसरे गाणे बिर्ला-बाटा-टाटांचे. धनाचा साठा कुठे आहे आणि त्यातला आमचा वाटा कुठे, एवढाच प्रश्न. 'टाटा', 'बाटा', 'साठा', 'वाटा' असा काफिया धरल्यावर वेगळा युक्तिवाद करावाच लागत नाही; मालकाचे नाव आणि मजुराचा हिस्सा आपोआप एका रांगेत येतात. काटेकोर उस्ताद 'ठ' ऐकून भुवई उंचावेल. उंचावू द्या.

आता उणे. आणि ते थोडे नाही. ही दोन गाणी बाजूला ठेवून संग्रह सलग वाचायला घेतला की कंटाळा येतो. मुखडा झेप घेतो, अंतरे त्याच अर्थाला तीन-तीनदा प्रदक्षिणा घालतात. भीमाच्या जन्माने कोटी कुळांचा उद्धार झाला, हे सांगणारे त्यांचे गाणे गायकाच्या आवाजात अंगावर काटा आणते. पण स्तुतीच्या शेकडो गाण्यांत तोच प्रकाश, तीच माउली, तोच सूर्य. तिथे 'जर' उरत नाही, म्हणून ताणही उरत नाही. ज्या माणसाने व्यक्तिपूजा नको म्हणून सांगितले, त्याचीच आरती झालेली ऐकताना आम्हाला अवघडल्यासारखे होते.

शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' घालण्याची पद्धत गझलेच्या मक्त्यासारखी. कधी ते नाव गोड बसते, कधी ओळ केवळ त्या नावासाठी ओढून आणलेली कळते. चालींचेही तसेच. १९४३ सालचे त्यांचे पहिले गाणेच एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. तयार चालीवर शब्द बसवण्याची सवय तिथून लागली असावी. मूळ चाल विसरली की असली गाणी कागदावर लंगडतात.

यावर कोणी म्हणेल, ती कागदासाठी लिहिलीच नव्हती. बरोबर आहे. रात्रभर चालणाऱ्या कव्वालीच्या मुकाबल्यात रोज नवे गाणे लागे, आणि मुकाबल्याचा तो बाज भीमगीतांनी आमच्याच दर्ग्याच्या अंगणातून उचलला होता. वामनदादांना अक्षरओळख झाली तीही मोठेपणी, मुंबईला शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना, देहलवी नावाच्या मास्तरांकडून. जोडाक्षरे ते दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. त्या शिक्षणातून 'लोक' आणि 'टोक' निघाले. आमच्याकडे पदव्या आहेत, बहरांची नावे पाठ आहेत, मुशायरेही होतात. आपल्याच जमातीला 'पाच माणसे कुठे आहेत' असे मराठीत गाऊन विचारणारा एक मतला मात्र अजून आमच्या कानावर आलेला नाही.