झील धरणाऱ्यांची आठवण

(उमरखेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय आहे गेलेल्या साथीदाराची आठवण. साथीदार म्हणजे गाण्यातला साथीदार. उमरखेडच्या श्रोत्यांपुढे या विषयाला फार प्रस्तावना लागू नये. या भागात भजनी मंडळं आहेत, तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे, भीमगीतांच्या गायन पार्ट्या आहेत. पैनगंगा ओलांडून हदगावकडे गेलात तरी हेच चित्र. आणि अशा प्रत्येक मंडळात केव्हा ना केव्हा एक जागा रिकामी होतेच. ती जागा आपण कशी आठवतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाट चुकणार नाही. समूहात गाणाऱ्या माणसाला आपण समूहातून वेगळं काढून आठवतो. त्यामुळे त्याचं नाव राहतं, त्याचं गाणं मात्र समजेनासं होतं.

आपल्याकडच्या श्रद्धांजलीची भाषा आठवा. फ्लेक्सवर फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. सभेत चार वक्ते उठतात. गेलेला माणूस ‘अष्टपैलू’ असतो, ‘मनमिळाऊ’ असतो, आणि त्याच्या जाण्याने ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ निर्माण झालेली असते. हे सगळं डॉक्टरला चालतं, सरपंचाला चालतं, गवयालाही चालतं. जे सगळ्यांना चालतं ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. पण त्यातला ‘पोकळी’ हा शब्द जरा बाजूला काढून ठेवा. गाणाऱ्यांच्या बाबतीत हा शब्द अलंकारिक राहत नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी पुढच्याचा दम सुटतो, तिथे मागून जो आवाज यायचा तो आता येत नाही. ही पोकळी ऐकू येते, आणि ती नेमकी किती मोठी आहे हे साथीदारालाच माहीत असतं.

पोवाड्याची रचना बघा. पुढे शाहीर उभा, हातात डफ. मागे तुणतुणं, झांज, आणि झील धरणारे. शाहीर कथन करतो, चढत जातो, आणि कडव्याच्या टोकाशी आला की झीलकरी ते टोक उचलतात. त्या दोन-चार क्षणांत शाहीर श्वास घेतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो, पुढचं कडवं मनात जुळवतो. तमाशात सुरत्या हेच काम करतो, सूर पडू देत नाही. छापील पोवाड्यात झील एका ओळीत संपते, पुष्कळदा तीही गाळलेली असते. म्हणजे शाहिरी ज्यावर उभी आहे तेच कागदावर येत नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे थोडं वळू, आमची खोडच ती. मॉरिस हाल्बवाक्स नावाचे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होते. सामूहिक स्मृतीचा विचार त्यांनी मांडला. १९४५ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. संगीतकारांच्या स्मृतीवर त्यांनी १९३९ मध्ये एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की, वादकांची सामूहिक आठवण स्वरलिपीच्या खुणांवर उभी असते. कागदावरच्या खुणा सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे एकत्र वाजवू शकतात. आल्फ्रेड शुट्झ यांनी १९५१ मध्ये ‘एकत्र संगीत करणे’ या विषयावरच्या निबंधात याला हरकत घेतली. ते म्हणाले, खुणा हे फक्त साधन आहे. एकत्र गाणारे लोक मुळात एकमेकांच्या आतल्या काळात शिरतात. दुसरा आता काय करणार याची चाहूल प्रत्येकाला असते, आणि त्या चाहुलीवर तो स्वतःचं पाऊल टाकतो. आधी हे जुळणं, मग बाकीचा संवाद.

आम्हाला शुट्झ पटतात, कारण आपली शाहिरी कुठल्या स्वरलिपीवर चालली? टाळकऱ्याच्या हातात कधी कागद होता का? आणि हे पटलं की पुढची गोष्ट ओघानेच येते. साथीदार गेला म्हणजे ही चाहूल गेली. त्याचे गुण, त्याचा स्वभाव घरचेही सांगतील. चाहूल कशी होती हे ज्याने त्याच्याबरोबर गायलं तोच सांगेल.

एक बाहेरचं उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या कंट्री संगीतात ‘स्टॅटलर ब्रदर्स’ नावाचा चौघांचा गट होता, व्हर्जिनिया राज्यातल्या स्टॉन्टन गावचा. त्यातले दोघेच सख्खे भाऊ, हॅरोल्ड आणि डॉन रीड. ‘स्टॅटलर’ हे नाव त्यांनी कागदी रुमालाच्या खोक्यावरून उचललं होतं. चौघांचे आवाज वाटून दिलेले, हॅरोल्डकडे सगळ्यात खालचा खर्ज. वरच्या पट्टीतले ल्यू डीविट आजारपणामुळे १९८२ मध्ये बाहेर पडले, त्यांच्या जागी जिमी फॉर्च्यून आले, आणि गट पुढे वीस वर्षं गात राहिला. २००२ मध्ये ते थांबले. हॅरोल्ड २०२० मध्ये गेले. धाकट्या भावाने, डॉन रीडने, गटाच्या गाण्यांवर पुस्तक लिहिलं ते गाण्यागणिक. हे कोण लिहू शकतो? ज्याने तो खर्ज आयुष्यभर आपल्या आवाजाखाली ऐकला तो. जागा वाटून दिलेली होती म्हणून तिथे दुसरा माणूस बसवता आला. पण दुसरा बसला तरी आधीचा कोण होता आणि कसा गायचा हे विसरलं गेलं नाही.

आता आपल्या घरी येऊ. मराठीत याची सगळ्यात मोठी कसोटी म्हणजे लाल बावटा कलापथक. १९४४ मध्ये मुंबईत उभं राहिलं. तीन नावं: अण्णाभाऊ साठे, अमर शेख, आणि शाहीर द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊ वाटेगावचे, १९२० चा जन्म, मातंग कुटुंबातले. अमर शेख बार्शीचे, १९१६ चा जन्म, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत, संपात, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे लोक गायले. अण्णाभाऊंच्या शब्दांना अमर शेखांचा तो पहाडी आवाज मिळाला, आणि मागे सगळं पथक.

या कलापथकाचं काय झालं? १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. २९ ऑगस्ट १९६९ ला अमर शेख अपघातात गेले. मध्ये फक्त बेचाळीस दिवस. एकाच पावसाळ्यात दोन आवाज संपले. अण्णाभाऊंचं गाणं ज्याने आतून ओळखलं होतं, त्याला त्यांची आठवण सांगायला सहा आठवडे मिळाले. त्यानंतर महाराष्ट्राने आठवण ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं. ते कसं केलं, यावर आमची टीका आहे.

अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं, २००२ साली. त्यांच्या नावाने महामंडळ आहे, चौक आहेत, पुतळे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले होते, त्यावर पुस्तकही लिहिलं होतं, त्यामुळे ते उचितच. आमचा पुतळ्यांना विरोध नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं कुणी चौकात उभं राहू दिलं नाही, त्याने आपला माणूस चौकात उभा केला तर त्यात न्याय आहे. पण पुतळा एकाचाच असतो. हात वर केलेला, एकटा. झील धरायला मागे कुणी नाही.

आणि मग वाटणी होते. अण्णाभाऊ एका समाजाचे. अमर शेख कुणाचे? बार्शीकरांना अभिमान, काही जुन्या कार्यकर्त्यांना आठवण, एरवी शांतता. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह आज किती जणांच्या हाती आहेत? गव्हाणकरांचं नाव तर बहुतेक भाषणांत ‘आणि इतर’मध्ये जातं. ज्या पथकात एक मातंग आणि एक मुसलमान एका सुरात गायले, त्या पथकाची आठवण आपण जातवार, धर्मवार वाटून घेतली. गाण्याने जे जोडलं ते जयंतीने सोडवलं. हे कुणी ठरवून केलं असं आम्ही म्हणत नाही. एकेकट्याला आठवण्याच्या सवयीचा हा परिणाम आहे.

कुणी म्हणेल, सर, शब्द तर अण्णाभाऊंचेच ना? कवी एकटाच असतो. बरोबर आहे. ‘फकिरा’ त्यांनी एकट्याने लिहिली, आणि कादंबरीकार अण्णाभाऊंना साथीदाराची गरज नाही. पण ‘माझी मैना’ घ्या. ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. ऐकता ऐकता ध्यानात येतं की हा विरह बेळगाव-कारवारचाही आहे. महाराष्ट्रापासून तोडलेल्या मुलखाची ती मैना आहे. आता यातला ‘माझी’ हा शब्द बघा. कागदावर तो एकवचनी आहे, एका नवऱ्याचा आहे. एकट्याने म्हटला तर तो खाजगी दुःखाचाच राहतो. पण शाहीर तो शब्द सोडतो आणि मागचे झीलकरी उचलतात, तेव्हा पाच-सात गडी एकदम ‘माझी’ म्हणतात. समोर गिरणगावचे हजारो लोक, प्रत्येकाचं कुणी ना कुणी गावी राहिलेलं. त्या क्षणी ‘माझी’चं ‘आमची’ होतं, आणि एकही अक्षर बदलत नाही. रूपकाचं राजकारण झालं ते इथे. शब्द अण्णाभाऊंचे खरे, पण हे अनेकवचन झील धरणाऱ्यांनी दिलेलं आहे. पाठ्यपुस्तकात ही रचना शिकवताना आपण रूपक समजावतो, झील समजावत नाही. मग मुलांना ती प्रेमकविता तरी वाटते, नाहीतर सीमाप्रश्नावरचा लेख. १ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव-कारवार राहिलं ते राहिलंच. त्या रचनेतला विरह अजून चालू आहे, झील तेवढी थांबली.

मग चांगली आठवण कशी असते? घरच्यांची आठवण वेगळी. मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मचरित्र वाचा. त्यात बाप भेटतो, घर भेटतं. ती लेकीची आठवण आहे, तिचं मोल आहेच. साथीदाराची आठवण मात्र दुसरंच काही सांगते, आणि ते कधी कधी अडचणीचं असतं. विलास घोगरे यांचं उदाहरण घ्या. मुंबईचे लोककवी, गायक, आव्हान नाट्य मंचातले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगरेंनी आपलं जीवन संपवलं. त्यांचे मित्र आनंद पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षं चित्रण करून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा केला. घोगरेंचे सहकारी संभाजी भगत त्यात दिसतात, बोलतात, गातात. त्या चित्रपटाचं बळ आमच्या मते यात आहे की, तो घोगरेंना एकटं उभं करत नाही. त्यांच्या आधीचं गाणं, बरोबरचं गाणं, नंतरच्या तरुण मुलामुलींचं गाणं, असा तो पुढे जातो. शोकसभा आटोपून लोक घरी जावेत तसं तिथे होत नाही. झील पुढचे उचलतात.

शेवटी थोडं तुमच्या मंडळांविषयी. तुमच्यातला जुना पेटीवाला गेला, टाळकरी गेला, गायन पार्टीतला कोरसवाला गेला, तर पुण्यतिथीला फोटोला हार घाला, जरूर घाला. पण त्याच दिवशी बरोबर गाणाऱ्यांना बसवा आणि विचारा. हा कुठे उचलायचा? पुढच्याचा सूर चढला की हा काय करायचा? कुठल्या भजनात याच्याशिवाय अडतं? कुणाशी याचं जमत नव्हतं, आणि तरी गाताना कसं जमायचं? तुमच्या खिशात फोन आहे, त्यात रेकॉर्ड करून ठेवा. हे कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही, आणि सांगणारेही आता थोडे राहिलेत. साठी-सत्तरीतले किती साथीदार समोर बसले आहेत ते आम्हाला इथून दिसतंय.

दुसरं असं की, १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती कराल तेव्हा बॅनरवर तीन नावं लिहा. कुणी विचारलं, हे बाकीचे दोन कोण, तर सांगा, यांच्याशिवाय पहिल्याचं गाणं पुरं होत नव्हतं. आणि नुसतं सांगू नका. ‘माझी मैना’ म्हणा, आणि एकट्याने म्हणू नका.

वेळ झाली, थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.