विष, विटाळ आणि भोंगा : यंत्रविषयक स्फुट मताचा विचार

१

यंत्राविषयी, आणि अलीकडे संगणक, मोबाईल व समाजमाध्यमे यांविषयी, सहज व्यक्त केलेले मत हा आजच्या मराठी गद्यातील सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणावा लागेल. वृत्तपत्रीय सदर, दिवाळी अंकातील चिंतनपर लेख, साहित्यसंमेलनाच्या मांडवातील परिसंवाद, शाळेतील ‘शाप की वरदान’ हा निबंध, एखाद्या नव्या सॉफ्टवेअरची बातमी वाचून पारावर दिलेला अभिप्राय, या सर्वांत त्याचा आढळ होतो. ललित नाही म्हणून साहित्यविचाराने आणि शास्त्रीय नाही म्हणून विज्ञानविचाराने तो बाजूला ठेवला. वस्तुतः एखादा भाषिक समाज आपल्या साधनांशी कसे नाते जोडतो हे पाहावयाचे असेल, तर हाच प्रकार प्रथम तपासावा लागतो.

या प्रकाराचे रूप बरेचसे ठरून गेले आहे. ‘मोबाईलने वाचन संपवले’, ‘दूरचित्रवाणीने घरातला संवाद हिरावला’, ‘संगणक नोकऱ्या खाणार’ अशी त्याची वाक्ये असतात. कर्तेपण साधनाकडे जाते. ज्यांनी ते घडवले, ज्यांनी विकले, ज्यांनी विकत घेतले आणि ज्यांनी ते दिवसातून किती वेळ हाताळायचे हे ठरवले, ती सर्व माणसे वाक्याबाहेर राहतात. स्तुतीचे व्याकरणही वेगळे नसते. ‘इंटरनेटने जग जवळ आणले’ या वाक्यातही माणूस तसाच अनुपस्थित असतो. म्हणजे निंदा आणि स्तुती हे या प्रकारातले दोन पक्ष दिसतात तेवढे परस्परविरोधी नाहीत. एकाच अन्वयाच्या त्या दोन बाजू आहेत.

मग अशा मताला मोल केव्हा द्यायचे? ‘मत देणारा त्या विषयातला जाणकार असेल तेव्हा’ हे नेहमीचे उत्तर होय. ते अपुरे आहे. जाणकाराचे मतही विक्रेत्याचे मत असू शकते, आणि अजाणाच्या मतात जाणकाराला न दिसणारी भीती बरोबर नोंदलेली असू शकते. मताचे मोल जाणकारीवर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ते मत चुकल्यास त्याची किंमत कोण भरणार यावर असते. या दृष्टीने सातारा-सांगलीचा कृष्णाकाठ विशेष अभ्यसनीय ठरतो. येथे दोन शतकांत छपाई, लोखंडी नांगर, संगणक आणि मोबाईल यांविषयी केवळ मते व्यक्त झाली नाहीत. काही वेळा ती कसालाही लागली.

२

१८०५ साली मिरजेस, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली. नाना फडणीसांच्या काळात पुण्यास सुरू झालेल्या खटपटीचे हे फलित होते. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. ‘मराठीत मुद्रण आले’ असे एका वाक्यात सांगितले की या दोन घटना एकसारख्या वाटू लागतात. परंतु मिरजेच्या पत्र्यावर संपूर्ण पृष्ठ एकदाच उलटे कोरले जाई. ते पृष्ठ पुन्हा पुन्हा काढता येई, पण त्याच कोरीव अक्षरांतून दुसरा ग्रंथ जुळविता येत नसे. श्रीरामपूरचे खिळे मोकळे करून पुन्हा नव्या मजकुरासाठी जुळविता येत. पहिले तंत्र पोथीची संख्या वाढवणारे होते, दुसरे ग्रंथव्यवहाराचे स्वरूपच बदलू पाहणारे. ‘तंत्रज्ञान’ हे एकवचनी नाम असा फरक गिळून टाकते, आणि स्फुट मत याच एकवचनावर जगत असते.

छपाईविषयीचे जे मत नंतर सर्वदूर पसरले ते विटाळाचे होते. छापखान्याच्या शाईत चरबी असते, म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालत नाही, असा आक्षेप सनातनी मंडळी घेत. आज त्याचा उल्लेख उपहासाने होतो. परंतु मुंबईस १८३१ मध्ये पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी त्या आक्षेपाला निबंध लिहून उत्तर दिले नाही. त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले. आक्षेप घेणाऱ्यांना जातिनिष्ठ शुचितेचा आग्रह होता आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. तरीही या प्रसंगातील मतव्यवहार विचारात घेण्याजोगा आहे. येथे मत यंत्राच्या एका विवक्षित घटकाविषयी होते, त्या घटकात बदल करणे शक्य होते, आणि छापणाऱ्याचा सारा व्यवसाय त्या बदलावर अवलंबून होता. ‘छपाईने धर्म बुडवला’ या विधानाला असे कोणतेही उत्तर देता आले नसते, कारण त्यात बदलण्याजोगे काहीच नाही.

३

विटाळाची जागा पुढे विषाने घेतली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केले तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला फार सायास पडले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत चूक होती. पण ती बाळगणारा शेतकरी आपल्या मताला बांधलेला होता. नांगर घेऊन तो फसला असता तर त्याचा एक हंगाम बुडाला असता. न घेता चुकला असता तर त्याची जमीन उथळच नांगरली गेली असती. दोन्ही बाजूंनी तोटा त्याचाच होता. म्हणून प्रत्यक्ष पीक पाहताच त्याचे मत बदलू शकले. ज्याला आपल्या मताचे काही द्यावे लागत नाही, त्याचे मत बदलण्याचे कारण कधी उद्भवतच नाही.

१९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने, आजच्या सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखालील हे पत्र आरंभी कारखान्याचे, म्हणजे नांगर-चरकांच्या जगातले पत्र होते. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ हे मासिक घडले, आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. मराठी मध्यमवर्गाच्या अभिरुचीचा मोठा भाग ज्या मासिकांनी घडवला त्यांचे मूळ ओतशाळेच्या शेजारी होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदली जाते. तिचा अर्थ मात्र क्वचितच लावला जातो. ज्या आवारात यंत्र मोडते, दुरुस्त होते, परत येते, त्या आवारातून निघणाऱ्या पत्राला यंत्राविषयी निव्वळ भावविवश होणे परवडत नाही. अर्थात हे पत्र माल विकणाऱ्याचेही होते आणि त्याचा यंत्रविषयक आशावाद निर्हेतुक नव्हता. पण तो आशावाद तपासण्याची सोय शेतात उपलब्ध होती. वाचक आणि गिऱ्हाईक एकच असल्याने लेखातली अतिशयोक्ती नांगराच्या फाळापाशी उघडी पडत असे.

स्वातंत्र्याच्या आसपास मराठी साहित्यविचारात ‘यंत्र’ या शब्दाचे स्थान पालटले. मर्ढेकर आणि नवकाव्य यांच्या चर्चेत ‘यंत्रयुग’ ही संज्ञा रूढ झाली आणि माणसाचे परात्मीभवन, महानगर, संवेदनांचे बोथट होणे या सर्वांचे कारण म्हणून ती वापरली जाऊ लागली. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्राचे आणि तांत्रिक परिभाषेचे तपशील प्रत्यक्ष येतात. त्यांच्यावरील समीक्षेत मात्र यंत्र बव्हंशी रूपकापुरते उरले. या घडामोडीचा वाङ्मयीन लाभ झाला हे निर्विवाद. परंतु तिच्यामुळे एक सवयही जडली: यंत्र कसे चालते, कोणाच्या ताब्यात असते, कोणाचे श्रम वाचवते आणि कोणाचे वाढवते हे न विचारता ‘यांत्रिक’ हे विशेषण निंदेसाठी वापरण्याची. आजचे मोबाईलविषयक स्फुट या सवयीचेच उत्तराधिकारी आहे. यंत्रयुगाच्या जागी ‘डिजिटल युग’ आले. वाक्याचा सांगाडा कायम राहिला.

४

संगणक ग्रामीण भागात आला तेव्हाही हेच घडले. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील, ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने हाती घेण्यात आला. बाजारभाव, शेतीसल्ला, शासकीय माहिती गावातच मिळेल अशी अपेक्षा होती. त्याविषयी दोन प्रकारची मते निर्माण झाली: खेड्यात क्रांती आली हे एक, आणि खेड्याला संगणक कशाला हे दुसरे. पुढे अभ्यासकांनी प्रत्यक्ष वापर पाहिला तेव्हा या केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाच्या व्यवहारासाठी, म्हणजे उसाचे वजन, तोडणी, येणे-देणे यांच्या नोंदींसाठी होत असल्याचे आढळले. आणि हे काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशांनीही होऊ शकते, असा प्रयोग काही गावांत करण्यात आला.

क्रांतीची भाषा आणि उपहासाची भाषा, दोन्ही येथे निरुपयोगी ठरतात. शेतकऱ्याने संगणकाला विचारलेला प्रश्न लहान होता: आपल्या उसाचे वजन किती भरले? सहकारी साखर कारखान्याच्या अर्थकारणात या प्रश्नाला केवढे महत्त्व आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही. परंतु यंत्रविषयक स्फुटाच्या रूपबंधात एवढ्या लहान प्रश्नाला जागा नसते. त्याला युग हवे असते.

५

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहता येतात. पाचगणी-महाबळेश्वर मार्गाजवळचे सातारा जिल्ह्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाच्या कल्पनेवरून प्रेरणा घेऊन, राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने, स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावातील घरे, मंदिरे, शाळा अशा २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके मांडण्यात आली. भिलारवरील लेखनात पुस्तक हे मोबाईलवरचे उतारे म्हणून येते. जणू पुस्तक निसर्गाने दिले आणि मोबाईल यंत्राने. मिरजेच्या तांब्याच्या पत्र्यांची आठवण असलेल्या प्रदेशात तरी हा भेद इतक्या सहज मान्य होऊ नये. भिलारचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे: गावकऱ्यांनी आपल्या घराची खोली परक्या वाचकाला उघडून दिली. ही कृती मोबाईलविरोधी नाही. ती आतिथ्याची आहे.

दुसरी घटना सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातली. मोहित्यांचे वडगाव येथे १४ ऑगस्ट २०२२ रोजी महिलांच्या ग्रामसभेने निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सायंकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरील भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद. साथीच्या काळात शाळा मोबाईलवर आली होती. शाळा उघडली तरी मोबाईल मुलांच्या हातून सुटेना, हे त्याचे तात्कालिक कारण होते. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि त्यांनी हा नियम रुजवला.

या निर्णयाची प्रसिद्धी ‘डिजिटल उपवास’ अशा शब्दांत झाली आणि तो तत्काळ स्फुट मतांचा विषय बनला. निर्णयाचे स्वतःचे व्याकरण मात्र स्फुटाच्या विरुद्ध आहे. ‘मोबाईलने मुले बिघडवली’ असे विधान करून ग्रामसभा थांबली नाही. ‘या वेळात आम्ही तो वापरणार नाही’ या वाक्यात कर्तेपण माणसांकडे परत येते आणि एकवचनी तंत्रज्ञानाच्या जागी घड्याळातला एक नेमका अवधी येतो. यंत्र आवरायला यंत्रच वापरले गेले, यात विसंगती नाही. गणपत कृष्णाजींचे तूप आणि वडगावचा भोंगा एकाच कुळातले आहेत. शिवाय या मताची किंमत होती. सात ते साडेआठ ही मालिकांची आणि विरंगुळ्याची वेळ. ती सोडण्याचा ठराव ज्यांनी केला त्यांनीच ती सोडायची होती.

वडगावचा गौरव करतानाही काही प्रश्न राखून ठेवावे लागतात. सामूहिक नियमात घरोघरच्या देखरेखीचा अंश असतोच, आणि गावाची नजर मुलगी व मुलगा यांवर सारखी पडत नाही हा ग्रामजीवनाचा जुना अनुभव आहे. ज्याचे पोट मोबाईलवर येणाऱ्या कामावर चालते त्याला दीड तासाचा अर्थ वेगळा लागतो. साडेआठनंतर काय, हा प्रश्न भोंगा सोडवीत नाही. परंतु हे सारे आक्षेप विचारता येतात, कारण निर्णय विवक्षित आहे. त्यात दुरुस्ती करता येते, वेळ बदलता येते, तो मागेही घेता येतो. ज्या मताला दुरुस्ती सुचवता येते तेच चर्चेला योग्य मत होय.

६

आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मराठीत जे लिहिले जात आहे त्यात विष आणि वरदान हे दोन्ही शब्द पुन्हा हजर झाले आहेत. ती लेखकांना संपवणार की मराठीला जगाच्या व्यासपीठावर नेणार, याची चर्चा चालते. तिला मराठी कोणाच्या लेखनातून शिकवली जाते, त्याचा मोबदला कोणाला, तिने लिहिलेल्या मराठीतील चुका कोण आणि कोणत्या अधिकाराने दुरुस्त करणार, हे लहान प्रश्न त्या चर्चेच्या कडेला राहतात. ते उसाच्या वजनासारखे आहेत.

स्फुट मतावर बंदी घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सहज बोललेले मत ही सामाजिक जीवनाची गरज आहे आणि अजाणाच्या भीतीलाही भाषा मिळालीच पाहिजे. समीक्षेने करावयाचे काम एवढेच की त्या मताला त्याचा हरवलेला कर्ता परत मिळवून द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: यंत्राच्या नेमक्या कोणत्या भागाविषयी हे बोलणे आहे, तो भाग कोण बदलू शकतो, आणि बोलणाऱ्याने त्यासाठी काय सोडले? ज्या लेखनाजवळ या प्रश्नांची उत्तरे नाहीत ते कितीही चिंतनशील वाटले तरी त्याची गणना विचारात करता येणार नाही.