‘घरी’ आणि ‘घरात’

इंग्रज ‘इन प्रिझन’ म्हणतो तो कैद्याविषयी. ‘इन द प्रिझन’ भेटीला गेलेला पाहुणाही असतो. उपपद गळाले की वास्तू जाऊन स्थिती उरते. हाच भेद मराठीने सप्तमीच्या एका ‘ई’त साठवला आहे. काठी हातात असते, सत्ता हाती येते. चोर घरात शिरतो; घरी येतो तो पाहुणा.

१८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. पुढे पिढ्यांनी विभक्ती पाठ केल्या. पण अलीकडच्या भाषांतरित कादंबऱ्यांत मला सारे ‘घरामध्ये’, ‘हातामध्ये’ घडताना दिसते. शब्दाला शब्द मिळतो, नाते हरवते. आमच्या जळकोटची निरक्षर म्हातारी मात्र ‘गुरुजी घरी हाईत का?’ असेच विचारते. भाषांतरकाराने कोशाआधी तिचे ऐकावे.