घराण्यांचा इतिहास: हक्काच्या कागदापलीकडे

घराण्यांच्या इतिहासाला सध्या बरे दिवस आले आहेत. सायमन सेबाग माँटेफिओरे या इंग्रज लेखकाने २०२२ साली ‘द वर्ल्ड’ हा हजारावर पानांचा ग्रंथ काढला आणि सगळ्या जगाचा इतिहास राजघराण्यांच्या अंगाने सांगितला. मेदिची, हॅब्सबर्ग, उस्मानी सुलतान, चीनचे सम्राट अशा सगळ्यांच्या घरातली लग्नं, सवतीमत्सर, विषप्रयोग आणि वाटण्या त्यात येतात. वाचताना पान सुटत नाही. शेवटी मात्र जाणवतं की घराणी कशी भांडली हे पुष्कळ कळलं, पण ती कोणाच्या जिवावर उभी होती हे त्या मानाने थोडंच कळलं.

हा आक्षेप नवा नाही. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने राजघराण्यांचं आयुष्य साधारण तीन पिढ्यांचं मानलं. पहिली पिढी कष्टाने राज्य मिळवते, दुसरी ते भोगते आणि तिसरी ते कसं मिळालं हेच विसरते. त्याचं लक्ष राजाच्या कर्तबगारीपेक्षा त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसांच्या एकजुटीवर होतं. घराण्याचा इतिहास चांगला की सामान्य, हे ठरवायची कसोटी तेव्हाच तयार झाली होती: घराण्याबाहेरचं किती दिसतं?

मराठीतलं घराण्यांचं इतिहासलेखन या कसोटीवर आज कुठे उभं आहे? ते तपासायला पुणे-साताऱ्यापेक्षा वाशीम जिल्हा बरा. इथल्या आसेगावसारख्या गावाच्या डोक्यावरून वाकाटक, यादव, बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल अशा सत्ता गेल्या. पुढे वऱ्हाडच्या वसुलीत हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली चालली आणि १८५३ नंतर इंग्रजांचा कारभार आला. अकबराच्या काळात वाशीम हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. राजे बदलत राहिले, वसूल देणारा कुणबी जागेवरच राहिला. अशा मुलखाला घराण्यांचा इतिहास काय देतो आणि काय नाकारतो, ते इथे स्पष्ट दिसतं.

सुरुवात वरच्या टोकापासून करू. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनानंतर या घराण्याची एक शाखा त्याचा मुलगा सर्वसेन याने इथे चालवली. ही शाखा नीट उजेडात आली ती १९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडला तेव्हा. तोवर अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखातली नावं विद्वानांनी दुसऱ्या शाखेतल्या नावांच्या अंदाजाने वाचली होती. ताम्रपट हाती आल्यावर वासुदेव विष्णु मिराशींनी तो लेख पुन्हा तपासला आणि सर्वसेन व त्याचा मुलगा विंध्यसेन यांना आपापल्या जागी बसवलं. एका घराण्याची वंशावळ तांब्याच्या तुकड्यांवरून आणि घासलेल्या अक्षरांवरून अशी उभी करणं हे या कलेतलं आपलं शिखर आहे. मिराशींचं ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ (१९५७) हे पुस्तक आजही या विषयाचा पाया आहे. त्यानंतर अजयमित्र शास्त्री, हान्स बाकर, वॉल्टर स्पिंक यांनी काळ, मूर्ती आणि लेणी यांवर पुष्कळ वाद घातले. त्यातला फार थोडा भाग सामान्य मराठी वाचकापर्यंत पोचला.

त्या ताम्रपटाचा घाटही पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या विंध्यशक्तीने, म्हणजे याच विंध्यसेनाने, आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी नांदेडच्या उत्तरेकडच्या भागातलं आकासपद्द नावाचं गाव ब्राह्मणांना दिलं. वंशाची थोरवी सांगणारा आरंभ संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष देणगीचा आणि सवलतींचा भाग प्राकृतात. राजाला मिरवायला एक भाषा आणि अंमलबजावणीला दुसरी. आपल्या इतिहासकारांनी पहिला भाग अगदी बारकाईने वाचला. दुसऱ्या भागाकडे तेवढं प्रेम गेलं नाही.

खरा मजकूर तिथेच आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला काय काय माफ केलं याची यादी येते. राजाच्या शिपायांनी गावात शिरायचं नाही. गावाने गाई-बैल, फुलं, दूध द्यायचं नाही. चराई, कातडी, कोळसा मागायचा नाही. मीठ खणायची सक्ती नाही, वेठबिगार नाही. दान मिळालेल्या गावाला हे माफ होतं, याचा अर्थ शेजारच्या गावाला हे सगळं द्यावं लागत होतं. घराण्याच्या बढाईखाली त्या काळच्या खेड्याची बोजाची यादीच पडून आहे. अचलपूरजवळच्या चम्मक इथल्या ताम्रपटात तर दुसरा प्रवरसेन हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी (त्या काळचं माप) जमीन देतो आणि वर अटीही घालतो: राज्यद्रोह नको, ब्रह्महत्या नको, चोरी नको, राजाला विष घालणं नको, शस्त्र उचलणं नको, दुसऱ्या गावांना उपद्रव नको. अटी मोडल्या तर जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. एवढी खबरदारी घेणाऱ्या राजाला कशाची भीती होती, हा प्रश्न वंशावळीत मावत नाही. त्यासाठी कागदाच्या खालच्या अर्ध्यात उतरावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. वाकाटकांचे बहुतेक लेख राजाच्या राज्यवर्षात मोजलेले आहेत, त्यामुळे त्यांचा काळ ठरवताना विद्वानांची दमछाक होते. शक वर्षाचा पक्का आधार मिळतो तो वाशीमजवळच्या हिस्सेबोराळा इथल्या शिलालेखातून: शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८. हा लेख राजाने कोरवलेला नाही. वत्सगुल्माचा राजा देवसेन याच्या कारकिर्दीत स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचं तळं बांधलं, त्याचा तो लेख आहे. एका सम्राट घराण्याचा काळ ठरवायला एका तळ्याचा आधार घ्यावा लागतो. घटोत्कच लेण्यात तर याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याच्या स्वतःच्या घराण्याची वंशावळच कोरलेली आहे. एका ब्राह्मण पूर्वजाने क्षत्रिय स्त्रीशीही लग्न केलं आणि आपलं घराणं त्या बाजूचं, हे तिथे उघडपणे सांगितलेलं आहे. नंतरच्या काळातल्या किती कुलवृत्तांतांनी असं वाक्य छापलं असतं?

बायकांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेत दिली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने लहान मुलाच्या नावाने राज्य चालवलं. पुण्यात सापडलेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ आहे ती सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांची. राज्य सासरचं, थोरवी माहेरची! घराणं म्हणजे बापाकडून मुलाकडे उतरणारी सरळ रेघ, ही आपली समजूत इथेच ढासळते. तरीही मराठीत या घराण्यावर लिहिताना प्रभावतीगुप्तेचा उल्लेख बहुधा कर्तबगार राजमाता एवढ्यावर आटोपतो. सिंदखेडराजाच्या जाधवांचंही असंच झालं. लखुजी जाधवरावांना १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, मुलांसह मारलं गेलं. एवढ्या मोठ्या घराण्याचा घात शिवचरित्रात जिजाबाईंच्या दुःखाचं एक प्रकरण होऊन राहतो. वऱ्हाडच्या सीमेवरच्या त्या सत्तेचा स्वतंत्र विचार सहसा होत नाही.

ही एकांगी नजर आली कुठून? मराठीत घराण्याचा इतिहास मुख्यतः वतनाच्या भांडणातून जन्मला. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण असं वतन कोणाचं, हे गोतसभेपुढे ठरायचं. त्यासाठी निवाड्याचे महजर व्हायचे आणि घराण्याची हकीकत सांगणारे करीने लिहिले जायचे. जेधे करीना हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. आपल्या वाडवडिलांनी काय केलं, हे सांगायचं ते आपला हक्क शाबीत करायला. बखरींतही ही गरज डोकावते. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, तेव्हा अशा घरोघरच्या दप्तरांना पहिल्यांदा इतिहासाचा मान मिळाला. ते ऋण फार मोठं आहे. पण त्या कागदांबरोबर कागदांची वकिलीही आली, आणि ती ओळखायची सवय सगळ्यांना लागली नाही.

वऱ्हाडात या परंपरेतलं मोठं काम यादव माधव काळे यांचं. बुलढाण्याच्या या वकिलाने ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला आणि नागपूरकर भोसल्यांवरही काम केलं. काळ्यांचं मोठेपण हे की केंद्राकडून न पाहता त्यांनी प्रांताकडून पाहिलं. त्यांच्यानंतर या वाटेवर जेवढी वर्दळ व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. अचलपूरच्या इमादशाहीने वऱ्हाडात ऐंशीहून अधिक वर्षं राज्य केलं, पण मराठी वाचकाच्या मनात तिला जागा नाही. वाशीमचं बालाजी मंदिर सगळ्यांना माहीत आहे. ते बांधणारे भवानी काळू हे साबाजी भोसल्यांचे कारभारी. या दिवाणांच्या, सावकारांच्या, कारभाऱ्यांच्या दुसऱ्या फळीकडे वऱ्हाडी इतिहासाची किल्ली आहे. त्या फळीवर लिहिलेलं मात्र तुरळक सापडतं.

संख्येने पाहिलं तर कुलवृत्तांत भरपूर निघतात. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, शाखा, घडीची वंशवृक्षाची पानं हा त्यांचा साचा ठरलेला. कष्ट प्रामाणिक असतात, पण मुलगी लग्न झालं की एका ओळीत संपते. दत्तक, भाऊबंदकी, कज्जे, कर्ज, घरातली विधवा या गोष्टी गाळल्या जातात. नेमकं जे वाचून घराणं कळावं, तेच नसतं. कादंबरीने दुसरं टोक गाठलं. तिने घराण्यांना लाखो वाचक दिले, पण भांडण नेहमी वाड्याच्या आत ठेवलं.

मग या कलेत नवं काय घडलं? माझ्या मते मराठीतला सर्वांत धीट घराण्याचा इतिहास दलित आत्मकथनांनी लिहिला. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) वतन नावाच्या व्यवस्थेची दुसरी बाजू आतून दाखवली. त्यांनी सांगितलेल्या गावकीच्या हक्कांच्या मागे अपमानाचा वारसाही चालत आला होता. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) बाप पाटील आहे आणि मुलाला बापाचं घराणं नाही. पाटलाच्या वंशावळीतून गाळलेला माणूस तिथे स्वतः बोलतो. करीना हक्क मागायला लिहिला जायचा. इथेही हक्कच मागितला आहे, फक्त मागणारा वंशावळीच्या बाहेर उभा आहे. या पुस्तकांना आपण साहित्याच्या कपाटात ठेवलं आणि इतिहासाच्या कपाटाला हात लावू दिला नाही. ही चूक दुरुस्त व्हायला हवी.

आणि आता वंशावळ पुन्हा कचेरीत आली आहे. जातीच्या दाखल्यासाठी विदर्भातली माणसं तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल काढतात. कोतवालाने टिपलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदीत बापाचं नाव, जात, गाव असतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून तर पणजोबाच्या नावाचा शोध हा महाराष्ट्रातल्या घराघरांचा उद्योग झाला. ज्यांना कधी कोणी ताम्रपट दिला नाही, त्यांच्याही पिढ्या आता कागदावर येत आहेत. आसेगावच्या शेतमजुराचं घराणंही आता नोंदीतून शोधता येतं. धोका तोच जुना: दाखला मिळाला की नक्कल फायलीत जाते, आणि त्या नोंदींतून दिसू शकणारी साथ, दुष्काळ, स्थलांतर, लहानपणी गेलेली मुलं तिथेच राहतात.

म्हणून पुढच्या इतिहासकाराकडून एकच मागणं आहे. मिराशींनी ताम्रपट जितक्या काटेकोरपणे वाचला, तितक्याच काटेकोरपणे कोतवाल बुक वाचावं. आणि कोतवाल बुकातल्या माणसाबद्दल जी आस्था वाटते, ती ताम्रपटातल्या करमाफीच्या यादीलाही लावावी. वत्सगुल्माचा राजा आणि त्याच्या गावचा वेठबिगार एकाच पुस्तकात, एकाच कसोटीवर आले, तर वाशीमसारख्या जिल्ह्याचा इतिहास जगाच्या कोणत्याही घराण्याच्या इतिहासाशी बरोबरी करेल. साधनं हाताशी आहेत. आडवी येते ती घराण्याचं नाव राखायची आपली सवय.