चकचकीत अहवालाची साक्ष

निकालपत्र कुणी आवडीने वाचायला घेत नाही. तरीही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचं एक निकालपत्र तुम्ही वाचावं असं मी सुचवेन. ते आहे 10 एप्रिल 2019चं, न्यायमूर्ती लॉर्ड ब्रिग्ज यांनी लिहिलेलं, वेदांता कंपनीच्या झांबियातल्या तांब्याच्या खाणीबद्दलचं. त्यात कायदा आहेच. पण कंपन्या स्वतःबद्दल जे लिहितात ते कसं वाचावं, याचा तो उत्तम धडाही आहे.

प्रकरण थोडक्यात असं. झांबियातल्या चिंगोला भागातल्या 1,826 गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा लावला. आरोप असा, की न्चांगा खाणीतलं विषारी पाणी 2005पासून नदीनाल्यांत सोडलं जातं, आणि पिण्याला आणि शेतीला त्यांच्याकडे तेच पाणी आहे. खाण चालवणारी कोंकोला कॉपर माइन्स ही वेदांता रिसोर्सेसची उपकंपनी, आणि वेदांता रिसोर्सेसची नोंदणी इंग्लंडमधली. म्हणून दोघींवर दावा.

मूळ कंपनीचं म्हणणं अपेक्षित होतं: खाण उपकंपनी चालवते, आम्ही फक्त भागधारक, शिवाय घटना झांबियातली, तेव्हा खटलाही तिथेच चालवा. म्हणजे नफा लंडनला यायचा, पण पाण्याचा प्रश्न आला की नामानिराळं राहायचं.

न्यायालयाने हे मान्य केलं नाही. त्यासाठी त्याने ज्या गोष्टींचा आधार घेतला, त्यात कंपनीचा स्वतःचाच एक अहवाल होता. त्याचं नाव ‘एम्बेडिंग सस्टेनेबिलिटी’. सर्व उपकंपन्यांवरची देखरेख वेदांताच्या संचालक मंडळाकडे आहे असं त्यात लिहिलेलं होतं, आणि सांडपाण्याच्या, याच खाणीच्याही, अडचणींचा उल्लेख होता. गुंतवणूकदारांना धीर देण्यासाठी लिहिलेली वाक्यं गावकऱ्यांच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. निकालपत्र एक पाऊल पुढेही जातं: आम्ही उपकंपनीवर नियंत्रण ठेवतो असं जाहीरपणे सांगितलं आणि प्रत्यक्षात ठेवलं नाही, तरीही जबाबदारी येऊ शकते. दाखवायचे दात वेगळे होते, ही सबब चालणार नाही.

माझ्या मते या लेखनाचं बळ इथे आहे. त्याने शब्दांना शब्द म्हणून गंभीरपणे घेतलं.

आता त्याच्या मर्यादा. गावकरी पहिल्या काही ओळींत भेटतात: शेतीवर जगणारी, अतिशय गरीब माणसं. पुढे बहुतेक पानं दावा कुठे चालवायचा यावर खर्च होतात. एवढ्याच प्रश्नासाठी दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ तीनशे पानांची लेखी निवेदनं आणि नऊ हजारांच्या आसपास पानांची कागदपत्रं दिली होती, याबद्दल न्यायमूर्तींनी दोघांचेही कान उपटले आहेत. गावकरी पुन्हा येतात ते त्यांच्या गरिबीच्या रूपात. खटल्यासाठी योग्य जागा खरं तर झांबियाच, असं न्यायालय म्हणतं. पण तिथे अशा दाव्याला सरकारी कायदेशीर मदत नाही, जिंकलो तरच फी घेऊ असा करार वकिलाला करता येत नाही आणि एवढा मोठा दावा पेलणारे अनुभवी वकीलही नाहीत. म्हणून दावा इंग्लंडमध्ये राहिला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. इथे पायरीपर्यंत पोहोचण्यासाठीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आणि पुढे? जानेवारी 2021मध्ये 2,571 जणांच्या दाव्यांवर तडजोड झाली, कंपनीने जबाबदारी मान्य न करता. लोकांना भरपाईची वाट मिळाली हे लहान नाही. पण पाण्यात काय होतं, ते कुणी सोडलं, याचं उत्तर इंग्लंडमधल्या कोणत्याही न्यायालयाने दिलं नाही. तुलनेला ब्राझीलमधलं मारियाना इथलं धरण घ्या. खाणीच्या गाळाचं ते धरण 2015मध्ये फुटून 19 माणसं गेली. तो खटला लंडनमध्ये खरोखर चालला आणि नोव्हेंबर 2025मध्ये उच्च न्यायालयाने बीएचपी कंपनीला जबाबदार धरलं.

आपल्याला हे सगळं दूरचं वाटत असेल तर गोव्याकडे पाहा. 2007मध्ये वेदांताने जपानच्या मित्सुईकडून सेसा गोवा घेतली. आज मुंबईत नोंदलेली वेदांता लिमिटेड म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तीच जुनी सेसा गोवा, नाव बदललेली. गोव्यातल्या सगळ्याच खाणींबद्दल गोवा फाउंडेशनने जनहित याचिका केली. एप्रिल 2014मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007नंतरचं उत्खनन बेकायदा ठरवलं, आणि फेब्रुवारी 2018मध्ये नूतनीकरण केलेले 88 पट्टे रद्द केले. एका याचिकेने राज्यभरच्या खाणी थांबल्या. पण डिचोलीतल्या कुणाच्या भातशेतीत किती लाल माती आली, त्याला किती पैसे द्यायचे, हा हिशोब त्या निकालांत नाही. ट्रक आणि बार्ज कर्जावर घेतलेल्यांचे हप्ते कोण भरणार, हाही नाही. लंडनची वाट माणसाला भरपाई देते पण सत्य शोधायच्या आधीच थांबू शकते. दिल्लीची वाट खाण थांबवते पण एकेका माणसापर्यंत पोहोचत नाही.

या विषयावरच्या लेखनात ‘रिस्क’ हा शब्द सतत येतो. मराठीत त्याला दोन शब्द आहेत. कंपनी जोखीम पत्करते. नदीकाठच्या गावाला धोका पोहोचतो. संयुक्त राष्ट्रांची 2011ची मार्गदर्शक तत्त्वं धोक्यापासून सुरुवात करायला सांगतात. अहवाल मात्र बहुधा जोखमीबद्दल असतात. म्हणूनच 2019च्या निकालातून सावध वकील भलताच धडा घेऊ शकतो: कमी लिहा, मोघम लिहा. कायदाही त्याला फारसा अडवत नाही. 2015च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन द्यावं लागतं, पण ‘आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत’ असं लिहिलं तरी ते चालतं! लाचलुचपतीबाबत मात्र 2010च्या कायद्याप्रमाणे ‘रोखलं नाही’ हाच कंपनीचा गुन्हा आहे. मानवी हक्कांसाठीही तसाच कायदा करा, अशी शिफारस संसदेच्या संयुक्त समितीने 2017मध्ये केली. तो कायदा अजून झालेला नाही. तो होईपर्यंत दूरच्या गावाचं भवितव्य कंपनीने स्वतःहून काय लिहिलं यावर अवलंबून राहणार, आणि हीच माझी खरी तक्रार आहे.

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या पगारातून दर महिन्याला पेन्शनची रक्कम कापली जाते. तिचा काही भाग शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे जाणाऱ्या फंडात असेल, तर आपण ग्लेनकोर आणि रिओ टिंटोचे छोटे मालक आहोत. तुमच्या फंडात कोणत्या खाण कंपन्या आहेत ते विचारा आणि त्यांचे अहवाल उघडून पाहा. परदेशातल्या खाणींवर देखरेख कोण करतं, हे तिथे नावानिशी लिहिलंय का? नसेल तर ते का नाही, असं फंडाला पत्र लिहून विचारा. लिहिलेलं असेल तर ते पान उतरवून ठेवा. चिंगोलाच्या लोकांना असंच एक पान उपयोगी पडलं होतं.